कलीला, दिमना आणि एक न चाललेला खटला

लहानपणी रमजानमध्ये आमच्या घरी खजुराचे पुठ्ठ्याचे खोके यायचे. खजूर संपले तरी खोके फेकायचे नाही, असा नानीचा दंडक होता. खोक्यावर अरबी अक्षरे छापलेली असायची. ती कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून नानी खोके झटकून, पुसून कपाटावर ठेवायची. मला थोडेफार अरबी कळू लागले तेव्हा मी एकदा त्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवला. खजुराची जात, वजन, कोरड्या जागी ठेवा. ती हसली आणि म्हणाली, "अरबी में तो है ना बेटा." खोके पुन्हा कपाटावर गेले.

पुढे मी शिक्षिका झाले. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण शिबिरात जेवणाच्या सुट्टीत एका मराठी शाळेतल्या बाई माझ्याशी गप्पा मारत होत्या. त्यांनी अगदी निर्मळ मनाने विचारले, "मॅडम, अरबीत गोष्टीबिष्टी असतात का हो? म्हणजे कुराण सोडून?"

मला एकदम नानी आठवली. दोघींच्या प्रश्नामागे एकच समजूत होती. एकीला ती भाषा आपली वाटत होती आणि दुसरीला परकी, एवढाच फरक. अरबी म्हणजे फक्त धर्माची भाषा, तिच्यात हसणे, चेष्टा, राजकारण, कोल्ह्या-लांडग्यांच्या गोष्टी, यांपैकी काही असेल असे दोघींनाही वाटत नव्हते. त्या बाईंना मी म्हटले, "असतात. आणि त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तुम्ही दरवर्षी वर्गात शिकवता."

ते उत्तर सुट्टी संपल्यामुळे अर्धवट राहिले. ते आज पूर्ण करते.

करटकाचा कलीला कसा झाला

बी.एड.च्या वर्षी मराठीच्या सराव पाठासाठी मला पंचतंत्रातली गोष्ट मिळाली होती. पाठ टाचण काढायला ग्रंथालयात बसले होते. उर्दूच्या कपाटात 'कलीला व दिमना' नावाचे जाड पुस्तक दिसले, म्हणून सहज चाळले. एक सिंह. त्याच्या जंगलात चुकून आलेला एक बैल. बैलाच्या डुरकण्याने घाबरलेला राजा, आणि त्या भीतीत आपला फायदा शोधणारे दोन कोल्हे. समोर टाचणाच्या वहीत मी नुकतेच लिहिले होते: सिंह पिंगलक, बैल संजीवक, कोल्हे करटक आणि दमनक. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून मी बराच वेळ नुसती बघत राहिले.

पंचतंत्र मूळ संस्कृत. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी या गोष्टी सांगितल्या, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. सहाव्या शतकात इराणात सासानी सम्राट खुसरो अनुशिरवान राज्य करत होता (इ.स. ५३१ ते ५७९). आमच्या उर्दू गोष्टींतला न्यायी राजा 'नौशेरवाँ' तो हाच. त्याच्या दरबारातला बुर्झोय नावाचा वैद्य हिंदुस्थानात आला आणि त्याने पंचतंत्र पहलवी भाषेत, म्हणजे त्या काळच्या फारसीत नेले. त्याने केवळ पंचतंत्र नेले नाही. मांजर आणि उंदराची तात्पुरती मैत्री, राजा ब्रह्मदत्त आणि पूजनी पक्षीण, सिंहाच्या दरबारातला सदाचारी कोल्हा, या महाभारताच्या शांतिपर्वातल्या तीन कथाही त्या संग्रहात गेल्या.

बुर्झोयचे पहलवी पुस्तक आज कुठेही उपलब्ध नाही. पण सहाव्याच शतकात त्यावरून सिरियाक भाषेत झालेले भाषांतर वाचले आहे. त्याचे नाव 'कलीलग आणि दमनग'. पहलवी लिपीत 'र' आणि 'ल' यांची चिन्हे एकमेकांत मिसळतात, म्हणून करटकाच्या नावातला 'र' वाटेत 'ल' झाला. अरबीत शेवटचा 'ग'ही गळाला. राहिले कलीला आणि दिमना.

अरबी पुस्तकात बुर्झोयच्या आत्मकथनाचे एक प्रकरण आहे. त्यात एक माणूस जिवाच्या भीतीने पळता पळता विहिरीत लोंबकळतो. खाली अजगर आ वासून बसला आहे, पायांशी चार साप आहेत, ज्या फांद्यांना तो धरून आहे त्या एक काळा आणि एक पांढरा उंदीर कुरतडत आहेत. आणि हा माणूस काय करतो? पोळ्यातून गळणारा मध चाटतो. काळा उंदीर म्हणजे रात्र, पांढरा म्हणजे दिवस. हीच विहीर महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. तिथे विदुर ती धृतराष्ट्राला सांगतो. युद्धात शंभर मुले गमावलेल्या बापाला सांगितलेली कथा इराणी वैद्याच्या तोंडून अरबी वाचकांपर्यंत गेली, आणि प्रत्येक ठिकाणच्या वाचकाला ती आपलीच वाटली.

वाकड्या हाताच्या बापाचा मुलगा

हे पुस्तक अरबीत आणणाऱ्याचे नाव अब्दुल्लाह इब्नुल मुकफ्फा. तो अरब नव्हता. जन्माने तो मुसलमानही नव्हता. इराणच्या फार्स प्रांतातल्या गूर या गावचा, आज त्याला फिरोझाबाद म्हणतात. मूळ नाव रोजबेह, घरचा धर्म इराणी. जन्म साधारण इ.स. ७२० च्या आसपासचा.

त्याचे वडील उमय्या राजवटीत महसुलाच्या कामावर होते. सरकारी पैशांत अफरातफर केल्याच्या आरोपावरून त्यांचा छळ झाला आणि त्यात त्यांचा हात कायमचा आखडला. 'मुकफ्फा' म्हणजे हात वाळून आखडलेला. 'इब्नुल मुकफ्फा' म्हणजे त्या माणसाचा मुलगा. अरबी गद्याचा पाया घालणाऱ्या लेखकाला जग ज्या नावाने ओळखते, ते नाव सरकारी छळाची खूण आहे. त्याची हकीकत वाचताना मी हे विसरू शकत नाही.

तो काळ थोडा समजून घ्यायला हवा. अरबांनी इराण आणि शाम जिंकले, तेव्हा तिथल्या कचेऱ्यांचे कागद अरबीत नव्हते. इराकात हिशेब फारसीत लिहिले जात, शाममध्ये ग्रीकमध्ये. सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्दुल मलिक याने दफ्तरे अरबीत करायला सुरुवात केली. त्यामुळे एक नवा वर्ग पुढे आला, कातिबांचा. कातिब म्हणजे दरबारी चिटणीस. हे बहुतेक बिगर-अरब होते. त्यांना 'मवाली' म्हणत. आपल्याकडे मवाली ही शिवी आहे. मूळ अरबीत ते 'मौला'चे अनेकवचन, आणि त्या काळात त्याचा अर्थ अरब टोळीच्या आश्रयाला असलेले बिगर-अरब मुसलमान असा होता. कर, सैन्यातला पगार, सोयरीक, अशा कितीतरी बाबतींत त्यांना अरबांच्या बरोबरीचे मानले जात नसे. इ.स. ७५० मध्ये उमय्या राजवट कोसळली आणि अब्बासी सत्तेवर आले, त्यामागे या नाराजीचा मोठा हात होता.

रोजबेह बसरा शहरात अरबी शिकला. जुन्या अरब टोळ्यांची खणखणीत बोली बसऱ्यात कानावर पडत होती. आधी त्याने उमय्यांच्या अधिकाऱ्यांकडे लेखनिकाचे काम केले. राज्य बदलल्यावर तो अब्बासी खलिफा मन्सूरच्या काकांकडे, ईसा बिन अली आणि सुलेमान बिन अली या भावांकडे, चिटणीस झाला. ईसासमोर त्याने इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्लाह हे नाव घेतले.

राज्य बदलण्याच्या धामधुमीतली त्याची एक आठवण सांगितली जाते. शेवटच्या उमय्या खलिफाचा प्रसिद्ध कातिब अब्दुल हमीद हा त्याचा मित्र. अब्बासींचे शिपाई अब्दुल हमीदला शोधत आले, तेव्हा दोघे एकाच घरात होते. "तुमच्यात अब्दुल हमीद कोण?" असे विचारताच दोघेही म्हणाले, "मीच." मित्र आपल्यासाठी मरेल या भीतीने खऱ्या अब्दुल हमीदने आपली ओळख पटवून दिली. प्रसंग शब्दशः घडला की नाही, कोण सांगणार? पण इब्नुल मुकफ्फाबद्दल लोकांना असे काही खरे वाटत होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

सोप्या भाषेचा अवघडपणा

त्याच्या आधी अरबीत काय होते? इस्लामपूर्व काळापासूनची समृद्ध कविता होती. कुराण होते. खुतबे, म्हणजे भाषणे होती. म्हणी आणि वंशावळी होत्या. पण बसून निवांत वाचावे असे धर्मेतर गद्याचे पुस्तक जवळजवळ नव्हते. 'कलीला व दिमना' हे अशा पहिल्या पुस्तकांपैकी. म्हणजे ज्या भाषेत फक्त धर्म आहे असे आपण समजतो, तिच्या कथात्मक गद्याची सुरुवात हिंदुस्थानी गोष्टींनी झाली आणि ती एका इराण्याने केली.

त्याची भाषा कशी होती? वाक्ये सरळ, शब्द ओळखीचे, उगाच नटवेपणा नाही. चांगले लिहिणे म्हणजे काय असे त्याला विचारले होते म्हणतात. त्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा होता की अडाण्यालाही ऐकून वाटावे, एवढे तर मीही लिहीन. उर्दू वाचणाऱ्यांना ही कल्पना चांगली ठाऊक आहे. गझलेच्या चर्चेत आम्ही तिला 'सहल-ए-मुमतना' म्हणतो. वाटायला सोपे, करायला अशक्य.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो वाचकाला बजावतो की या गोष्टी फक्त मौजेसाठी वाचू नका. तिथे त्याने एका माणसाचा किस्सा दिला आहे. त्या माणसाला शुद्ध अरबी बोलायचे होते. मित्राने त्याला एका पिवळ्या कागदावर व्याकरण लिहून दिले. याने तो कागद घोकून पाठ केला, अर्थ मात्र कळला नाही. पुढे विद्वानांच्या बैठकीत याची चूक झाली. लोकांनी दाखवून दिली, तर म्हणतो, माझी चूक कशी होईल? पिवळा कागद माझ्या घरी आहे!

हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड पाठ करणारी आमची मुले दिसली. मग प्रामाणिकपणे स्वतःकडेही पाहिले. अर्थ न कळता अरबी वाचणारे आपण सगळे, आणि अरबी अक्षरांचे खोके जपणारी माझी नानी, तिचा तो कागद निदान प्रेमाने ठेवलेला होता. आपला?

दिमनावरचा खटला

आता मूळ मुद्द्याकडे येते.

पंचतंत्रातल्या 'मित्रभेद' या पहिल्या तंत्राचा शेवट आठवा. दमनक सिंहाला सांगतो, बैल तुमच्या जिवावर उठला आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. दोघांत झुंज होते, निरपराध संजीवक मारला जातो. सिंहाला पश्चात्ताप होतो, पण दमनक त्याची समजूत घालतो आणि स्वतः मंत्रिपदावर सुखाने नांदतो. गोष्ट संपते. हे राजनीतीचे पुस्तक आहे. जग असे चालते, हे राजपुत्रांना कळले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू.

अरबी पुस्तकात इथे गोष्ट संपत नाही. पुढे एक पूर्ण नवे प्रकरण येते, दिमनाच्या चौकशीचे. ते पंचतंत्रात नाही आणि त्या जुन्या सिरियाक भाषांतरातही नाही. म्हणून ते इब्नुल मुकफ्फाने स्वतः घातले, असे अभ्यासक मानतात.

या प्रकरणात काय होते? रात्री कलीला दिमनाला त्याच्या कपटाबद्दल खडसावत असतो, ते एक चित्ता बाहेरून ऐकतो. तो ते सिंहाच्या आईच्या कानावर घालतो. आई मुलाला सांगते. आता राजा सिंह आहे, दिमना एक कोल्हा. एका पंजाचे काम. पण सिंह तसे करत नाही. एकदा ऐकीव गोष्टीवर बैलाला मारून तो चुकला आहे. तो दरबार भरवतो, न्यायाधीश बसवतो, दिमनाला बोलू देतो.

आणि दिमना काय बोलतो! गुन्हेगार असूनही त्याचे युक्तिवाद बिनतोड आहेत. दरबारातला एक जण उठून म्हणतो, याचा चेहरा बघा, याच्या अंगावरच्या खुणाच सांगतात की हा दुष्ट आहे. दिमना उलट विचारतो, चेहऱ्यावरून गुन्हा ठरत असेल तर मग चौकशी कशाला? पुरावा कशाला? खुणा घेऊन जन्मलेल्याचा त्यात काय दोष? सगळा दरबार गप्प होतो. न्यायाधीश त्याला कबुली द्यायला सुचवतो, तर तो विचारतो, तुमचा संशय हा पुरावा केव्हापासून झाला?

मधल्या काळात कलीला दुःखाने मरतो. चित्त्याची साक्ष होते. तुरुंगातल्या आणखी एका प्राण्याने दोघा कोल्ह्यांचे बोलणे ऐकलेले असते, तोही पुढे येतो. आधी का बोलला नाहीस, असे विचारल्यावर तो सांगतो की एकट्याच्या साक्षीवर निकाल होत नाही हे मला माहीत होते. दोन साक्षीदार झाल्यावरच दिमनाला मृत्युदंड मिळतो.

दोन साक्षीदारांचा हा नियम इस्लामी न्यायशास्त्राचा आहे. इब्नुल मुकफ्फाने हिंदुस्थानी जंगलात एक कचेरी उभी केली आणि तिला स्वतःच्या काळाचा कायदा दिला. मला त्यात दोन गोष्टी एकदम दिसतात. एक, पापी मोकळा सुटता कामा नये. दोन, पापी असला तरी त्याला ऐकून घेतल्याशिवाय, पुराव्याशिवाय शिक्षा होता कामा नये. पहिली गोष्ट सगळेच म्हणतात. दुसरी म्हणायला धाडस लागते. बापाचा आखडलेला हात पाहत वाढलेल्या मुलाला ती सुचली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

खलिफाला लिहिलेले टिपण

हे केवळ गोष्टीत नव्हते. त्याने खलिफासाठी एक छोटे टिपण लिहिले, 'रिसाला फिस्सहाबा'. यातले 'सहाबा' म्हणजे पैगंबरांचे सहकारी नव्हेत, खलिफाच्या भोवतालचे दरबारी. त्यात सैन्याची शिस्त, जमिनीचा महसूल, दरबारी माणसांची निवड, अशा विषयांवर सूचना आहेत. सगळ्यात महत्त्वाची सूचना न्यायाबद्दल आहे. तो दाखवून देतो की कुफा आणि हिरा ही जवळजवळची गावे, पण जी गोष्ट एका गावातला काझी वैध ठरवतो ती दुसऱ्या गावात अवैध ठरते. माणसाचा जीव आणि लग्न यांसारख्या बाबतींतही असेच. तर खलिफाने हे सगळे निकाल आणि त्यामागची कारणे मागवावीत, तपासावीत आणि सर्वांसाठी एक लिखित कायदा तयार करावा.

ही सूचना स्वीकारली गेली नाही. पुढच्या शतकांत इस्लामी कायद्याचे वेगवेगळे मजहब तयार झाले, कायदा राजाच्या हातात न जाता फकिहांच्या, म्हणजे शास्त्रींच्या हातात राहिला. ते चांगले झाले की वाईट, यावर आजही वाद होऊ शकतो. राजाच्या हाती कायदा देणेही धोक्याचेच. पण प्रजेला आपला कायदा काय आहे ते आधी कळले पाहिजे, हा आग्रह आठव्या शतकात एका चिटणिसाने राजाला लिहून कळवला होता. ते टिपण आजही वाचायला मिळते.

अमाननामा

इ.स. ७५४ मध्ये मन्सूर खलिफा झाला. त्याचे काका अब्दुल्लाह बिन अली यांनी गादीवर हक्क सांगून बंड केले. ते हरले आणि बसऱ्याला भाऊ सुलेमानच्या आश्रयाला गेले. भावांनी मन्सूरकडे रदबदली केली. मन्सूर अभय द्यायला तयार झाला. अभयाचा लेखी मसुदा, म्हणजे अमाननामा, लिहायचे काम चिटणिसाकडे आले. इब्नुल मुकफ्फाकडे.

त्याला पुतण्या चांगला ठाऊक होता. त्याने मसुद्यात पळवाटच ठेवली नाही. खलिफाने वचन मोडले तर त्याच्या बायकांना तलाक झाला असे समजावे, त्याचे गुलाम मुक्त व्हावेत आणि मुसलमान त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मोकळे व्हावेत, अशी कलमे त्याने घातली. मन्सूरने ते वाचून विचारले, हे लिहिले कोणी?

पुढे बसऱ्याची सुभेदारी सुलेमानकडून काढून सुफियान बिन मुआविया याला देण्यात आली. या सुफियानचा इब्नुल मुकफ्फावर जुना राग होता. सुफियानचे नाक फार मोठे होते, आणि इब्नुल मुकफ्फा त्याला भेटला की 'तुम्हा दोघांना सलाम' म्हणायचा, एक सुफियानला आणि एक त्याच्या नाकाला. जुन्या ग्रंथांत हा किस्सा आहे. विनोद महाग पडतो, हे पंचतंत्राच्या भाषांतरकाराला कळायला हवे होते, पण कदाचित त्याला स्वतःला आवरता आले नाही.

एके दिवशी तो सुफियानच्या वाड्यात गेला आणि परत आला नाही. त्याचे हातपाय तोडून भट्टीत जाळले, असे इतिहासकार लिहितात. साल साधारण इ.स. ७५६-५७. वय चाळिशीच्या आत. म्हणजे आज मी आहे त्याहून लहान. त्याच्या मालकांनी तक्रार केली, साक्षीदार उभे केले, पण मन्सूरने प्रकरण असे फिरवले की साक्षीदारच मागे हटले. ज्यांच्यासाठी अमाननामा लिहिला ते काकाही पुढे मन्सूरच्या कैदेतच मेले.

दिमनाला न्यायाधीश मिळाला, साक्षीदार मिळाले, बोलायला वेळ मिळाला. त्याच्या लेखकाला यातले काहीच मिळाले नाही.

झिंदीक

मेल्यावर त्याच्यावर एक शिक्का बसला, झिंदीक. म्हणजे वरून मुसलमान, आतून मानीपंथी, पाखंडी. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या हत्येचे कारणही हेच सांगायला सुरुवात केली. अमाननाम्याचे राजकारण मागे पडले आणि धर्म पुढे आला.

त्याचा धर्म आतून काय होता, हे अल्लाहलाच ठाऊक. बुर्झोयच्या प्रकरणात धर्माधर्मांतल्या भांडणांबद्दल शंका घेतलेल्या आहेत, हे खरे. त्यावरून अल-बिरुनीसारखा थोर विद्वानही अकराव्या शतकात हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्याच्यावर रागावला आहे. पंचतंत्र आपल्याला थेट भाषांतरित करता आले असते तर बरे झाले असते, कारण इब्नुल मुकफ्फाने लोकांच्या श्रद्धेत शंका पेरण्यासाठी बुर्झोयचे प्रकरण घुसडले, असा त्याचा आक्षेप आहे. बिरुनीला संस्कृत येत होते, तेव्हा भाषांतराच्या नेमकेपणाबद्दल त्याची तक्रार मला समजते.

पण एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. बिरुनीने मतभेद लेखणीने नोंदवला. सुफियानने भट्टी पेटवली. आणि मुसलमान वाचकांनी काय केले? त्यांनी ते पुस्तक जपले. ज्याला पाखंडी म्हटले त्याचे वाक्य वळणदार अरबीचा नमुना म्हणून शिकवले, त्याच्या गोष्टींची सुंदर चित्रे काढली. आपला इतिहास सांगताना कुणी फक्त ग्रंथांचे वैभव सांगतो, कुणी फक्त भट्टी सांगतो. मी मुलांना दोन्ही सांगते. एकच सांगितले तर ते खोटे होईल.

घरी परतलेले पुस्तक

पुढची वाट थोडक्यात सांगते, कारण ती फार लांब आहे. अरबी पुस्तकावरून अकराव्या शतकात ग्रीक, मग हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात लॅटिन, १२५१ च्या सुमारास स्पॅनिश. १५७० मध्ये इंग्रजी. १६७८ मध्ये फ्रेंच कवी ला फाँतेन याने आपल्या कथांसाठी हिंदुस्थानी पंडित पिल्पायचे ऋण मान्य केले. पिल्पाय म्हणजे अरबी पुस्तकातला तत्त्वज्ञ बैदबा.

पूर्वेला ते फारसीत गेले आणि तिथून घरी परतले. हेरातला झालेल्या 'अनवार-ए-सुहैली' या नटव्या फारसी रूपावरून अकबराच्या सांगण्याने अबुल फजलने १५८८ मध्ये सोप्या फारसीत 'इयार-ए-दानिश' लिहिले. अकबराने पंचतंत्राची एक प्रत थेट संस्कृतातूनही भाषांतरित करवून घेतली. 'इयार-ए-दानिश'वरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात उर्दू 'खिरद अफरोज' तयार झाले. आणि १८६८-६९ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत कीलहॉर्न आणि ब्यूलर यांनी पंचतंत्राची संस्कृत संहिता छापली. कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. उर्दू कपाटातला कलीला आणि माझ्या टाचणाच्या वहीतला करटक इतके फिरून एका टेबलावर आले होते.

आता मी वर्गात ही गोष्ट दोन शेवटांसह सांगते. आधी मराठीच्या तासाला दमनक मंत्री होतो. मग उर्दूच्या तासाला दिमनावर खटला चालतो. मुले दोन गट करून भांडतात. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "मिस, दिमना तो झूठा था, फिर उसको बोलने क्यों दिया?" दुसऱ्या बाकावरून एका मुलीने उत्तर दिले, "बैल को बोलने देते तो वो मरता क्या?"

वर्ग शांत झाला. मग त्या मुलीने मला विचारले, "ये किताब जिसने लिखी, उसको इनाम मिला होगा ना?"

तास संपायला पाच मिनिटे होती. मी म्हटले, उद्या सांगते. रात्रभर विचार केला की सातवीच्या मुलांना हे सांगावे का. दुसऱ्या दिवशी भट्टी वगळून बाकी सगळे सांगितले. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने वहीत त्याचे नाव लिहून घेतले, दोन्ही लिप्यांत, आणि मला विचारले की 'मुकफ्फा'ला मराठीत दोन फ लागतात का.

लागतात, असे मी तिला सांगितले.